सतरा ओळी

काजलला जाऊन नव्वद दिवस होत आले होते. नागसेनने ते मोजले नव्हते, तरी त्याला माहीत होतं.

हिंगणघाटच्या एका दवाखान्यात तो नेटवर्क सांभाळायचा. खेड्यांतल्या केंद्रांना पेशंटचे रिपोर्ट बघायचे तर त्याने बसवलेल्या प्रॉक्सीतूनच यावं लागे. ती दारावरच्या चौकीदारासारखी. यादीत केंद्राचा नंबर असला तर आत, नसला तर परत. कोणाला परत पाठवलं ते ती लिहून ठेवी आणि नव्वद दिवसांनी आपोआप पुसून टाकी.

तीन महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी सकाळी नवी यादी लावून तो आष्टीला लग्नाला गेला. त्याची बायको काजल माहेरी, वडनेरला, तापाने पडली होती. तिचं रक्त त्याच्याच दवाखान्यात तपासायला आलं होतं. दुपारी रिपोर्ट तयार झाला, प्लेटलेट फार उतरलेल्या. कॉम्प्युटरवर दिसतंच म्हणून लॅबने फोन केला नाही. वडनेरच्या केंद्रावर रिपोर्ट कोणी पाहिलाच नाही. रविवारी काजल गेली.

गावाने केंद्राच्या नर्स लीलाबाईंना जबाबदार धरलं. "पान उघडतच नव्हतं," एवढंच त्या सांगत राहिल्या. उद्या त्यांची चौकशी होती आणि नोकरी जाणार हे सगळे धरूनच चालले होते.

आज दुपारी त्याचा सासरा लहानू तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन दवाखान्यात आला.

"जवाईबुवा, उद्या तुमी चला. कम्प्युटरवाल्याचं साहेब आयकतीन. त्या बाईनं मोबाइलवर पिच्चर पाहत माही पोरगी मारली, असं सांगा."

"बसा, मामा."

"बसाले नाई आलो. पान उघडत नोतं म्हणे! सगळ्या जिल्ह्याले उघडे, अन हिलेच काऊन नाई?"

नागसेन कॉम्प्युटरकडे वळला. आज त्या शनिवारची नोंद पुसली जाणार होती. त्याने नुसतं बसून राहायचं होतं. तीन महिने तो तेच करत आला होता.

त्याने नोंद उघडली. वडनेर, नकार. वडनेर, नकार. दुपारी सव्वाएकपासून संध्याकाळी पावणेसातपर्यंत सतरा वेळा.

त्याने प्रिंट दिली. प्रिंटर डुगडुगायचा, म्हणून त्याच्या पायाखाली एक कागद घडी करून ठेवला होता. तो त्याने ओढून काढला. प्रिंटर खडखडत टेबलावर हलू लागला.

"काय छापून राह्यले?"

नागसेनने घडी उलगडून वाचलं, "आमच्या केंद्राचं कनेक्शन पुढच्या शनिवारी बदलणार आहे. नवा नंबर यादीत घ्यावा. लीलाबाई." तारीख शनिवारच्या आठ दिवस आधीची होती.

लहानूने छापलेल्या ओळींवरून बोट फिरवलं. शाळा चौथीपर्यंतची, पण वडनेर त्याला वाचता येत होतं. सतराव्या ओळीवर बोट थांबलं.

"म्हंजे थे बाई दिवसभर दार ठोकत होती?"

"हो, मामा."

"अन दार कोनं लावलं?"

"मी. चिठ्ठी वाचली होती. सोमवारी टाकू म्हटलं नंबर."

लहानूने कागदावरचं बोट उचललं. मग त्याने टेबलावरची शेंगांची पिशवी उचलली.

"चौकशी किती वाजता हाय?"

"अकराला."

"दोनी कागद घेऊन येजो," तो म्हणाला, आणि पिशवी घेऊन निघून गेला.