क्लिपखालचा लाल रंग

मित्रांनो, पेंटरची बायको गेल्याची बातमी दवाखान्यात आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी माझ्या जागी होतो, खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला. रिक्षावाला दारातूनच म्हणाला, "सिस्टर, पेंटरची बायको मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरच गेली. मुलगी झाली, ती वाचली आहे." सिस्टरांच्या हातातला कापूस तसाच राहिला. त्या एवढंच बोलल्या, "असं कसं? तिचं रक्त तर बारा होतं."

ते बारा मीच सांगितलं होतं.

मी एक जुना रंगतक्ता आहे. तळहाताएवढा जाड पुठ्ठा, त्यावर लाल रंगाच्या सहा पट्ट्या, वर गडद आणि खाली फिकट होत गेलेल्या. प्रत्येक पट्टीत एक भोक. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा, जरा थांबायचं आणि कागद माझ्यामागे धरून भोकांतून बघायचं. ज्या पट्टीशी रंग जुळेल, तिचा आकडा म्हणजे त्या बाईचं रक्त. बारा म्हणजे चांगलं. अकराच्या खाली म्हणजे कमी. सातच्या खाली गेलं तर तडक मोठा दवाखाना. मला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. मी आलो तिथे दोन्ही नव्हतं.

तिथे पाणथळ जमीन, डास आणि घरोघरी हिवताप. हा ताप रक्तातल्या लाल पेशी फोडतो. बाई गरोदर असली की पोटातलं बाळही आपला वाटा मागतं. ताप उतरतो, बाई पुन्हा कामाला लागते आणि आतून पांढरी होत जाते. ते ओळखणं हे माझं काम. पहिलं वर्षभर मी ते चोख केलं, हे मी ठामपणे सांगतो.

सुरुवातीला मी पाकिटात, टेबलाच्या खणात असायचो. पण बायकांना खरं वाटत नसे. लोहाच्या गोळ्या घरी नेऊन फडताळात ठेवून द्यायच्या. म्हणून सिस्टरांनी मला काळ्या क्लिपमध्ये अडकवून खिडकीशेजारी टांगलं. "आता आपापलं रक्त आपणच बघा," त्या म्हणाल्या.

बाकावर मग गर्दी व्हायला लागली.

"अगं, हे रक्त आहे की टोमॅटो धुतलेलं पाणी?"

"आणि तुझं बरं एवढं लालबुंद. नवऱ्याचं पितेस की काय?"

"हसा गं. पुढच्या खेपेला एक पट्टी वर चढते की नाही ते बघा."

आणि ती खरंच चढायची, कारण गोळ्या फडताळातून पोटात जायला लागल्या होत्या. मोठे डॉक्टर आले, त्यांनीही मला शाबासकी दिली. सिस्टर आधी प्रत्येकीची खालची पापणी ओढून आतला रंग बघायच्या. माझ्यावर भरवसा बसला तशी ती सवय सुटली.

खिडकीतून रोज दुपारभर ऊन यायचं. माझ्या पाठीवर दोन ओळी छापलेल्या होत्या, पण माझी पाठ भिंतीकडे होती.

पेंटरच्या बायकोला सहाव्या महिन्यात हिवताप झाला, गोळ्यांनी उतरला. सातव्यात ती तपासायला आली, सोबत सासू. थेंब माझ्या बाराशी जुळला.

"मग सिस्टर, दोन घागरी आणल्या की धाप का लागते?"

सासू म्हणाली, "पोटात पोर आहे, कापूस नाही. आमच्या वेळी कोण मोजत होतं?"

सिस्टर हसल्या. "तक्ता बारा म्हणतोय ना, मग काळजी नको." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिच्या पापणीकडे कोणी बघितलं नाही.

बाळंतपणात चारचौघींचं जातं तेवढंच रक्त तिचं गेलं. तेवढंही तिच्याकडे नव्हतं.

दीड महिन्याने पेंटर मुलीला लस टोचून घ्यायला आला. दारं-खिडक्या रंगवण्यात त्याचा जन्म गेलेला. तो माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने क्लिप काढली. क्लिपखाली बोटभर जागा गडद लाल होती. बाकी सगळा मी फिका, म्हणून तिचं फिकं रक्तही माझ्या बाराशी जुळलं होतं.

"सिस्टर, ह्याचा रंग उडालाय," तो म्हणाला. "उन्हाच्या बाजूच्या दाराचा असाच उडतो. झाकलेला तेवढा राहतो."

त्याने मला उलटं केलं आणि मोठ्याने वाचलं. 'उन्हात ठेवू नये. उघडल्यापासून दोन वर्षांनी वापरू नये.' मला टांगून तिसरं वर्ष चालू होतं.

सिस्टर खुर्चीत बसल्या. "मीच टांगला हो."

पेंटरने मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "बसून भागणार नाही. ह्याच्यावर आणखी कोणाकोणाचं बघितलंत, ती वही काढा."

वहीत अजून बाळंत न झालेल्या एकतीस जणी निघाल्या. नवा तक्ता आला. मुलीला आजीकडे ठेवून पेंटरने सिस्टरांना स्कूटरवर बसवलं आणि दोघं घरोघर फिरले. आधी पापणी, मग थेंब. मी चांगलं रक्त सांगितलेल्या नऊ जणी कमी निघाल्या. दोघींना त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवलं. त्यातली एक परवा बाळाला घेऊन त्याच बाकावर बसली होती.

मी आता खणात आहे. पेंटरने माझ्यावर स्वतःच्या ब्रशने 'बाद' असं लिहिलं आहे. अक्षर छान आहे त्याचं. मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या हाती आली तर तिला झाकून ठेवा, तिची पाठ वाचा, आणि समोरचं माणूस धाप लागते म्हणालं तर वस्तूआधी माणसाचं ऐका.

एकतीसपैकी अठ्ठावीस जणी तपासून झाल्या. उरलेल्या तिघी वीटभट्टीवर कामाला गेल्या आहेत, कोणत्या भट्टीवर ते घरच्यांनाही सांगता येत नाही. एकीला आठवा महिना लागला असेल. तिघींच्या नावापुढे अजून माझंच बारा लिहिलेलं आहे. त्यांचं रक्त पुन्हा तपासायचं राहिलं आहे.