तारीखवालीचे मार्क

"पाच तारीख म्हणजे पाच तारीख, ताई. सहा झाली की तिकडं बँकेत लिहिलं जातं," असं फ्रिजच्या दुकानातल्या काउंटरवरच्या मुलीनं तिला स्वच्छ सांगितलं होतं. पण त्या वेळी तिचं सगळं लक्ष कडेवरच्या लेकीकडं. दुकानातला पंखा नेमका पोरीच्या डोक्यावर, पोरगी दोनदा शिंकलेली. तिसरी शिंक येते की काय या घोरात हिनं 'हो हो, आमच्या घरातला हप्ता कधी बुडत नाही' म्हणून टाकलं आणि सात ठिकाणी सह्या करून मोकळी झाली. फ्रिज तरी कशासाठी, तर पोरीचं औषध थंड राहावं म्हणून.

आता तारीख न ऐकायची ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर एवढी बोंब झाली नसती. पण गावात हिचं नावच तारीखवाली. कॉलेज शिकून आलेली सून, बिस्किटाचा पुडा हातात आला की आधी उलटा करून तारीख वाचणार. औषधाची बाटली, बियाण्याचं पाकीट, दुधाची भुकटी, सगळ्यांच्या तारखा हिच्या तोंडपाठ. एकदा तर तिनं काडेपेटीवरही तारीख शोधली, असं सासूबाई चारचौघींत सांगत. त्यात थोडं तिखटमीठ असेल, पण फार नाही.

त्यांच्या गावात हप्ता भरायची एक रीत होती. प्रत्येक घरी दोन-चार गाई, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीत, आणि दुधाचे पैसे महिन्याच्या दहा तारखेला. बँक लांब, बाजारगावी. तेव्हा दहा तारीख उलटून पहिला बाजार आला, की डेअरीवाले मामा सगळ्यांचे हप्ते दुधाच्या पैशातून काढून घेत, एकेकाच्या नावाची चिठ्ठी लावून निळ्या पिशवीत भरत आणि बँकेत जाऊन भरून येत. मामा कुणाचेच सख्खे नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. आठ वर्षं हे चाललेलं. एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही, एक पावती हरवली नाही. पावतीवर बँक दर वेळी थोडा जादा आकार लावायची. त्याला गावात 'बँकेचा चहा' म्हणत. पिऊ दे बिचारीला, म्हणून सगळे मुकाट भरत.

तारीखवालीनंही भरला. अठरा महिने.

एकोणिसाव्या महिन्यात तिच्या डोक्यात रोपवाटिका आली. म्हणजे डोक्यात आधीपासून होतीच, परसात आली. मिरची-टोमॅटोची रोपं ती ट्रेमध्ये करायची. माती चाळून, शेणखत मुरवून, एका खळग्यात एकच बी, वर जुन्या लुगड्यांची सावली. रोपं अशी टुकटुकीत, की शेजारपाजारचे शेतकरी आधी सांगून ठेवू लागले. पण त्या उन्हाळ्यात ऊन असं काही उतरलं, की दुपारी अंगणातली माती चपलेतून चटके देई. लुगडी विरली, वारं सुटलं आणि चार दिवसांत अर्धे ट्रे करपून गेले. रोपाची मान एकदा पडली की पाण्यानं उठत नाही. ती ट्रेपाशी उकिडवी बसून एकेक मान बोटानं उचलून बघत होती, तेव्हा नवरा म्हणाला, लोखंडी सांगाड्याची जाळी टाकू, कर्ज काढू. बायकोच्या नावावरच काढू, तिचीच रोपं आहेत.

अर्ज नेऊन दिला. निकाल ऐकायला सासूबाईही बरोबर गेल्या, कारण बँकेत पंखे चांगले होते. साहेबानं कागद बघितले, जमिनीचा उतारा बघितला, रोपांचे फोटो बघून मान डोलावली. मग संगणकात बघितलं आणि मान डोलायची थांबली. "तुमचा क्रेडिट स्कोअर कमी आहे," तो म्हणाला. "पाचशे चौऱ्याहत्तर. इतक्यावर वरून मंजुरी येत नाही."

तारीखवालीला आयुष्यात कुणी नापास केलं नव्हतं. तिनं आकडा पुन्हा विचारून घेतला. तोवर सासूबाईंनी चौकशी चालवली होती.

"कितीपैकी?"

"नऊशेपैकी, आजी."

"मग पासच की. माझ्या पोरानं शाळेत याहून कमी काढले होते, तरी आम्ही त्याचं लग्न केलं. ही काय समोर बसलीय."

साहेब हसला, पण कर्ज काही दिलं नाही. घरी जाऊन मोबाईलवर आपल्या कर्जफेडीचा रिपोर्ट काढा, शांतपणे वाचा आणि मग या, एवढं मात्र त्यानं सांगितलं.

तिनं रिपोर्ट काढला, पण शांतपणे हा शब्द तिच्या स्वभावात नव्हता. रिपोर्ट वाचायच्या आधीच तिनं मोबाईलवरून आणखी तीन ठिकाणी अर्ज ठोकले. एक नाही म्हणालं तर दुसरं हो म्हणेल. तिन्ही ठिकाणांहून नकार आला, आणि पुन्हा स्कोअर बघते तो पाचशे एकसष्ट. दारोदार मागत फिरलं की प्रत्येक दारावर त्याची नोंद होते आणि पुढचं दार आणखी घट्ट लागतं, हे तिला तेव्हा कळलं. "अजून चार ठिकाणी विचार," नवरा म्हणाला, "म्हणजे माझ्या शाळेच्या मार्कांपर्यंत येशील."

मग मात्र ती रिपोर्ट घेऊन बसली. पहिल्यांदा नाव, जन्मतारीख, पत्ता तपासला. सगळं बरोबर. दुसऱ्या कुणाचं कर्ज आपल्या नावावर चिकटलंय का ते बघितलं. तेही नाही. कर्ज एकच, याच बँकेचं, फ्रिजचं. त्याच्या खाली महिन्यांचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. आठ. सहा. अकरा. सात. आधी तिला वाटलं, बँकेच्या चहाचे पैसे असतील. मग खालची बारीक ओळ वाचली. हप्ता जितके दिवस उशिरा आला, तितका आकडा.

अठरा चौकोन. शून्य एकाही चौकोनात नव्हतं.

ती तशीच उठली आणि डेअरीकडं निघाली. संध्याकाळचं दूध चाललं होतं. किटल्या ओळीत, म्हशीवाल्या काकू, पलीकडच्या गल्लीतला न्हावी, सगळे उभे, आणि मामा काट्याशेजारी चष्मा कपाळावर ढकलून वहीत लिहीत बसलेले. तिनं सगळ्यांसमोर रिपोर्ट त्यांच्या वहीवर ठेवला. आठ वर्षांत या पिशवीपायी गावातल्या एकेकाची पत मातीत गेलीय, असं काय काय ती बोलून गेली. मामांनी कागद हातात घेतला, वाचला, परत दिला.

"मी कुणाचा पैसा खाल्ला का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मामा."

"हप्ता बुडवला का?"

"नाही."

"मग दोन-चार दिवसांनी असं काय बिघडतं? पैसे पोचल्याशी कारण."

आता मामांच्या डेअरीचा एक नियम होता. सातला दूध बंद. सात वाजून पाच मिनिटांनी आलेली किटली, मग ती कुणाचीही असो, आल्या पावली परत जायची. खुद्द मामांच्या मेहुण्याची गेली होती, आणि पुढं वर्षभर मामी माहेरी गेल्या नव्हत्या. तारीखवालीनं काट्यावरच्या घड्याळाकडं बघितलं.

"मामा, सव्वासातला आलेलं दूध तुम्ही का घेत नाही? नासलेलं असतं का?"

"नासलेलं कसं असेल? पण गाडी गेलेली असते."

"बँकेची गाडी पाच तारखेला जाते."

म्हशीवाल्या काकूंनी किटलीचं झाकण उगाच काढून परत लावलं. मामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वहीकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हे मला आठ वर्षांत एकानंही सांगितलं नाही." मग मान वर न करता, "पुढची किटली."

त्या रात्री जेवताना तिनं सगळं सासूबाईंना सांगितलं. पत गेली ती गेली, वर भल्या माणसाला चारचौघांत बोलून बसली. सासूबाई म्हणाल्या, बोललीस ते खरंच होतं, पण खरं बोलायला काट्यापाशीच उभं राहायला हवं होतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बँकेत गेली, या वेळी एकटी. साहेबाला विचारलं, आमच्याकडं दूध महिन्याच्या दहाला पिकतं, तर तुमचा हप्ता पाचलाच का? साहेबानं थोडा विचार केला. तारीख बदलून मिळते, म्हणाला, अर्ज करा. पंधरा करून देतो. दुधाचे पैसे थेट खात्यात घ्या, खात्यातून हप्ता आपोआप कापला जाईल, कुणी यायची गरज नाही. आणि आता सहा-आठ महिने कुठंही नवा अर्ज करू नका. स्कोअर रोपासारखा असतो, रोज उपटून बघितला तर वाढत नाही. हे शेवटचं वाक्य त्याचं नव्हे, तारीखवालीचं, पण घरी सांगताना तिनं ते साहेबाच्या तोंडी घातलं, म्हणजे सासूबाई ऐकतील.

तिच्या अर्जाची बातमी डेअरीत पोचली. आठ दिवसांनी मामा निळी पिशवी घेऊन बाजारला निघालेले दिसले. पिशवीत पैसे नव्हते, अर्ज होते. घरोघर फिरून त्यांनी एकवीस जणांच्या सह्या घेतल्या होत्या, ज्यांना येत नव्हती त्यांचे अंगठे. तिच्या दारावरून जाताना थांबले नाहीत, पण "तारीख पंधराच लिहिलीय ना?" एवढं विचारून गेले. तेवढ्यावर अबोला सुटल्यासारखं तिनं धरलं.

पुढचे महिने म्हणजे परीक्षाच. मोबाईलवर स्वतःचा स्कोअर स्वतः बघितला तर कमी होत नाही, हे साहेबानं सांगितल्यापासून पाणवठ्यावर नवा विषय झाला. म्हशीवाल्या काकू विचारायच्या, किती गं मार्क? पाचशे ऐंशी. पुढच्या खेपेला पाचशे ऐंशीच. तेव्हा तारीखवाली दिवसभर कुणाशी बोलली नाही. मग सहाशे बारा. सहाशे चाळीस. चौदा तारखेला ती खात्यात पैसे आहेत का ते तीनदा बघे, आणि पंधराला सकाळी पोरीचा ताप तपासावा तसं पुन्हा एकदा. पावसाळा गेला, थंडी गेली, तिनं लुगडी शिवून शिवून जमतील तेवढे ट्रे जगवले. दहाव्या महिन्यात आकडा सातशे तीन झाला. तिनं अर्ज एकाच ठिकाणी केला.

मंजुरी आली. उन्हाच्या तोंडाशी परसात सांगाडा उभा राहिला, वर हिरवी जाळी ताणली, आणि आत गेलं की भर दुपारी गार वाटू लागलं. सासूबाई आपली उशी घेऊन तिथंच दुपारची झोप काढू लागल्या. "कर्ज माझ्या झोपेसाठी काढलं," असं त्या सांगत.

पहिल्या ट्रेमधली चार चांगली रोपं घेऊन तारीखवाली मामांकडं गेली. डेअरी बंद होती, मामा ओट्यावर बसलेले. बोलता बोलता तिनं विचारलं, मामा, सगळ्यांचं झालं, तुमचा रिपोर्ट काढलात का?

"माझं काय बघायचं," ते म्हणाले. "माझं सगळं चोख."

तिनं हट्टानं काढला. दुधातलं फॅट मोजायच्या मशीनचं कर्ज होतं त्यांच्या नावावर. तिनं चौकोन पहिल्यापासून पुन्हा वाचले. तिथं सहा-सात असले आकडे नव्हते. एकतीस, चाळीस, एका ठिकाणी बासष्ट. गावात सगळ्यात कमी मार्क मामांचे होते.

"हे कसं, मामा?"

मामा रोपं न्याहाळत होते. एखाद्याचं दूध कमी पडायचं, त्यांनी सांगितलं, गाय आटायची, घरात आजारपण निघायचं. पिशवीत सगळ्यांचा हप्ता पुरा दिसायला हवा. म्हणून ते आपल्यातले घालत, आणि आपला हप्ता पुढं ढकलत. "पुढच्या दुधातून मिळायचे की परत. बुडाले नाहीत कुणाचे."

आपल्याही घराचं नाव त्यात होतं का, हे तिच्या मनात आलं, पण तिनं विचारलं नाही. पण मामांनीच वही काढून पान दाखवलं, जसं काही पावतीच दाखवतायत. तिच्या घराचं नाव तीन महिने होतं. पोरगी दवाखान्यात होती तेव्हाचे. त्या महिन्यांच्या चौकोनांत तिच्या नावापुढं सहा, सात आणि आठ होते. मामांच्या नावापुढं एकतीस, चाळीस आणि बासष्ट.

मग तिनं मामांचा तारीख बदलायचा अर्ज लिहिला, त्यांची सही घेतली, आणि बँकेत स्वतः नेऊन दिला. त्यांचे मार्क आता तीच बघते. आज सहाशे चार आहेत.

आता तारीखवालीचं तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्याही गावात, गल्लीत, घरात असं एक माणूस असेल, जे सगळ्यांचं भरून येतं आणि आपलं सांगत नाही. आज जमलं तर त्याच्याकडं जाऊन या. त्याचा रिपोर्ट त्याच्या शेजारी बसून काढा. माझं काय बघायचं, असं ते म्हणेल. तरी बघा.