केळीच्या बांधावरची तार

वडगावची लाइन दुपारी जायची, आणि तारा दुरुस्त करणारा दलसिंग तिथे पोचला की यायची. यात काहीतरी आहे, असं हेमकांतभाऊचं म्हणणं होतं, आणि यामिनीला ते खोडता येत नव्हतं.

हेमकांतची इंटरनेटची कंपनी म्हणजे लोणखेड्यातला एक गाळा, छतावर दोन बॅटऱ्या आणि आसपासच्या गावांकडे खांबाखांबावरून गेलेल्या काळ्या फायबरच्या तारा. धडगावकडच्या आदिवासी पाड्यावरून शिकायला आलेली यामिनी बीएस्सी झाल्यावर इथेच नोकरीला लागली. फायबरमधून इंटरनेट उजेडाच्या रूपात धावतं; कोणत्या घरात तारेतून किती उजेड पोचतोय, हे तिला गाळ्यातल्या स्क्रीनवर दिसायचं. उजेड पुरेसा असला की कुणी तिची आठवण काढत नसे. कमी पडला की सगळं वडगाव एकदम फोन करी, कारण त्या गावात मोबाइलवर बोलता यायचं, पण त्यावरचं इंटरनेट नावालाच होतं. बँकेचा अंगठा, रेशनचं मशीन, पोरांचे व्हिडिओ, सगळं त्या एका तारेवर चालायचं.

"तोच कापस आन तोच जोडस," हेमकांत म्हणाला. "शहादाना त्या दुसरा कंपनीवाला त्याले चहा पाजस, मी डोयाघाई देखेल शे. गिऱ्हाईक कटाळनं म्हंजे तिकडे जाई. सोपं शे."

"पण भाऊ, कापली तर उजेड एकदम शून्य होतो. हा हळूहळू उतरतो. दुपारी उतरायला लागतो, मग जातो."

"मंग दाबी धरत व्हई कोनी."

हे ऐकायला वेडगळ वाटलं तरी शास्त्राला सोडून नव्हतं. फायबर न तोडता नुसती घट्ट वाकवली तरी उजेड वळणावरून बाहेर सांडतो. पण दुपारच्या उन्हात तार वाकवून धरून बसणारा माणूस तिला डोळ्यांसमोर आणता येईना.

तिचा संशय वेगळ्याच जागी अडकला होता. लाइन नीट करून आला की दलसिंग दर वेळी एकच सांगायचा, "जॉइंट ढिला होता." तिने नकाशा काढून पाहिला. लोणखेड्याहून निघालेली तार हेमकांतच्या घरच्या केळीच्या बागेला वळसा घालून वडगावला जात होती, आणि त्या सगळ्या टप्प्यात जॉइंट एकही नव्हता. सबंध तार एका दमात ओढलेली. म्हणजे दलसिंग खोटं बोलत होता. कशासाठी, ते नकाशात नव्हतं.

"तुमनाकडलाच माणूस शे," हेमकांत आवाज उतरवून म्हणाला. "तुले काही बोलना का?"

तिला ते आवडलं नाही. दलसिंग तिच्याच बोलीत बोलायचा, तिच्या मामाच्या गावाला त्याची बहीण दिली होती, म्हणून काय तो तिच्यापाशी पापं कबूल करणार होता? आणि उद्या तो चोर निघाला, तर 'तुमनाकडला' या शब्दात तीही आलीच की.

"नाही बोलले," ती म्हणाली.

"मंग आज त्याना मांगे जाय. फोटो काढ आन मले धाड. आज नही सापडना तरी मी त्याले काढी टाकसू. गिऱ्हाइकले काहीतरी सांगनं पडी ना."

त्या दुपारी वारा सुटला आणि स्क्रीनवर वडगाव उतरायला लागलं. दलसिंग शिडी मोटरसायकलला बांधून निघाला. त्याला थोडं पुढे जाऊ देऊन यामिनीने स्कूटी काढली. उजेड मोजायचा मीटर तिने पिशवीत टाकला होता, ते मात्र हेमकांतला सांगितलं नव्हतं.

बागेच्या बांधाशी मोटरसायकल उभी होती. केळी घडांनी वाकल्या होत्या, वाऱ्याने पानं फाटून फडफडत होती. दलसिंग शिडीवर होता. डावा हात तारेवर, उजव्या हातात सुरी.

यामिनीने मोबाइल काढला. इतके दिवस तिने हेमकांतचं बोलणं मनात ढकलत ढकलत कोपऱ्यात नेलं होतं. आता ते समोर, शिडीवर उभं होतं. तिने फोटो काढला आणि पाठवला. पाठवायच्या आधी दुसरा काही विचार तिने केला नाही.

मग सुरी चालली, आणि एक केळ दोन हात बाहेर झुकली.

तार होती तशीच होती. ती उलट वर उडाली आणि सरळ झाली.

ती धावत पुढे गेली. तारेवरून प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबत होत्या, केळीचं खोड सावरायला बांधतात त्या. बांधावरच्या ओळीतली एकेक केळ कुणीतरी तारेला आवळून बांधली होती. वारा आला की घडाचं सगळं वजन पट्टीवर यायचं, आणि पट्टीखाली तार चिमटली जायची.

"दादा, हे कोणी केलं?" तिने त्यांच्या बोलीत विचारलं.

दलसिंगने खाली पाहिलं. तिच्या हातातला मोबाइल त्याने पाहिला, आणि त्याला सगळं कळल्याचं तिला कळलं.

"तुला त्यानं पाठवलं?"

"हे कोणी केलं ते सांगा ना."

"पुढे अजून बांधलेत. आधी ते सोडू दे. गाव बंद आहे." तो उतरून शिडी पुढच्या खांबाकडे घेऊन गेला.

तो शेवटच्या पट्टीशी असताना बागेतून प्रमिलाबाई आल्या. हेमकांतची आई. कमरेला खोचलेल्या पदरात त्याच पट्ट्यांची गुंडाळी होती. यामिनीला पाहून त्या थबकल्या आणि गुंडाळी पदराआड गेली.

तेवढ्यात हेमकांतची गाडी येऊन थांबली. "सापडी गया," तो उतरता उतरता म्हणाला. "सुरीसकट. आते काय सांगशी रे?"

दलसिंग शिडीवरून उतरला. सुरी मिटवून खिशात ठेवली.

"भाऊ, तार कापलेली नाही," यामिनी म्हणाली. "केळी बांधल्या होत्या तारेला. ते पट्ट्या सोडत होते."

"कोनी बांध्यात?"

सगळ्यांची नजर एकाच जागी गेली. प्रमिलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मले काय माहीत? हाऊच येस रोज, सिडी लावस. काय करस, काय नही, मी पुसाले जास का?"

दलसिंगने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जणू हे असंच होणार, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

यामिनीने मीटर काढला. तार जिथे संपून वडगावच्या घरांकडे फुटते, त्या पुढच्या खांबावरच्या पेटीत मीटर जोडून तिने आकडा हेमकांतला दाखवला. मग जमिनीवर पडलेली एक पट्टी उचलून तारेवर टाकली आणि दोन्ही हातांनी खाली ओढली. आकडा घसरला. सोडली, आकडा परत चढला.

"आणि बागेतल्या आतल्या केळी बघा," ती म्हणाली. "गाठ तीच आहे. दलसिंगदादा तुमच्या बागेत गाठी मारत फिरतात का?"

हेमकांतने आतल्या ओळी पाहिल्या. मग आईकडे पाहिलं.

"माय?"

"मंग काय करू मी?" प्रमिलाबाई एकाएकी उसळल्या. "बांबू आन, टेकू लावनाशेत, कवयपशी सांगी ऱ्हायनू तुले. तू त्या दुकानमा बशेल. तार काय परकी शे का? घरनीच शे. घड पडना असता तर तू उचलाले येवाव व्हता?" त्यांनी दलसिंगकडे हात केला. "याले मीच सांगं, हेमकांतले बोलू नको, घरमा कटकट नको. रोज सोडी जास, मी परत बांधस."

वारा जरा पडला होता. हेमकांत हसला, पण ते हसू कुणाला द्यावं ते त्याला समजेना. "आते काय बोलू माय तुले," एवढंच म्हणाला.

इतक्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पुन्हा वाजला. मग थांबेचना.

यामिनीने आपला फोन उघडला. 'वडगाव ग्राहक' ग्रुपवर तिचाच फोटो होता, शिडीवरचा दलसिंग आणि हातातली सुरी. खाली हेमकांतने लिहिलं होतं, 'लाइन कापणारा पकडला.' गाव बंद होतं तोवर फोटो वाटेतच थांबला होता. दलसिंगने शेवटची पट्टी सोडली, लाइन आली, आणि फोटो घरोघर पोचला. खाली उत्तरं पडत होती. याला आमच्या दारात पाठवू नका. पोलिसात द्या. मी आधीच म्हटलं होतं.

दलसिंगही त्या ग्रुपमध्ये होता. तो आपला फोन बघत उभा राहिला.

"टाकसू, टाकसू," हेमकांत घाईने म्हणाला. "तांत्रिक बिघाड व्हता, आते लाइन सुरू शे, आसं टाकसू."

"आणि फोटो?"

"त्यामान लिखसू ना... चुकीना फोटो म्हनून." त्याची नजर आईकडे गेली. "नाव कसाले टाकनं? गावमा हसतीन."

"सुरी कशाला होती ते सांगितल्याशिवाय चुकीचा कसा ठरेल?" यामिनी म्हणाली. ग्रुप तीच चालवायची, तिथे लिहायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. नोकरी टिकवायला मात्र लागणार होती. ती बांधावर बसली आणि टाइप करू लागली. 'हा फोटो मी काढला. दलसिंग तार कापत नव्हते. प्रमिलाकाकूंनी केळी पडू नयेत म्हणून तारेला बांधल्या होत्या. त्या पट्ट्या ते सोडत होते. लाइन त्यांच्यामुळे सुरू झाली.'

हेमकांत तिच्या डोक्यावरून वाचत होता. त्याने हात पुढे केला, पण तोवर मजकूर गेला होता.

प्रमिलाबाई बागेत परत वळल्या. केळी आता मोकळ्या होत्या, वाऱ्याने डुलत होत्या, आणि हेमकांत एका झुकलेल्या घडाला खांदा लावून उभा राहिला, कारण दुसरं काही करण्यासारखं त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

ग्रुपवर एक उत्तर आलं.

'मग तो इतके दिवस जॉइंट ढिला का सांगत होता?'

त्याखाली आणखी एक. 'दाल में काला आहे.'

दलसिंगने ते वाचलं. फोन खिशात घातला आणि शिडी मोटरसायकलला बांधायला घेतली.

"दादा, मी परत लिहिते," यामिनी त्यांच्या बोलीत म्हणाली.

"लिही," तो दोरी आवळत म्हणाला. "पण वडगावला आता मी चढणार नाही. खांबावर असताना खाली कोण उभा आहे, कशाला उभा आहे, ते मला दर वेळी बघत बसावं लागेल."

त्याने किक मारली. यामिनी अर्धवट टाइप केलेलं वाक्य घेऊन बांधावर बसून राहिली. वडगावहून उत्तरं येतच होती. लाइन छान चालू होती.