शिळं पाणी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. एकदा नव्हे, नऊ वर्षं बोललात. भोरात आमच्या बौद्ध आळीपर्यंत तुम्ही नळ आणलात, चौसष्ट साली नारळ फोडलात, आणि त्या नळातून नऊ वर्षांत फक्त मुंग्या आल्या. विचारायला यावं तर तुमचं एकच उत्तर, "टाकीत पाणीच नाही, तर तुम्हाला कुठून देऊ?"

मी तुमच्याच नगरपालिकेचा चावीवाला. टेकाडावरच्या टाकीची चावी मी फिरवली की गावाला पाणी सुटतं. आणि त्याच वेळेला माझी आई फुलाबाई दोन हंडे घेऊन नीरेच्या पात्रात उतरायची. साठी उलटलेली बाई. गावाचं पाणी लेकाच्या हातात, आणि आईच्या डोक्यावर हंडा. दिसलं नाही म्हणू नका. नदीची वाट तुमच्या कचेरीच्या खिडकीखालूनच जाते.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. पाऊस आदल्या सालीच दगा देऊन गेलेला, त्यात वीजकपात. वरून कागद आला : पंपाचे तास कमी करा, उभ्या आहेत त्याच इमारतींत पाणी आणि वीज वाचवायची योजना करा. योजना कोण करणार? कुठल्या चाळीत कुठला नळ गळतो हे कचेरीत एकट्या मला ठाऊक. तुम्ही मला बोलावलंत.

"गेनू, तूच कर हे."

"करतो साहेब. पण वाचलेलं पाणी आमच्या आळीला देणार का?"

तुम्ही हसलात. सगळ्या कारकुनांच्या देखत म्हणालात, "गावाला पाणी सुटून झाल्यावर टाकीत हातभर पाणी उरवून दाखव. सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी खोल तुमच्या आळीची चावी, मला विचारूसुद्धा नकोस."

कारकूनही हसले. हसणारच. पाणी सुटून झाल्यावर त्या टाकीत गाळ तेवढा उरायचा.

मी एक वेळू तासला, त्याच्यावर बोटाबोटाच्या खुणा केल्या, आणि रोज पाणी बंद झालं की टाकीत उभा धरू लागलो. एस्टीच्या जुन्या ट्यूबचं रबर आणून वायसर कापले. तीन चाळी, शाळा, बोर्डिंग, धर्मशाळा आणि तुमचा बंगला, एकही गळका नळ सोडला नाही. बोर्डिंगची टाकी भरून वाहायची, तिचा तरंगता गोळा फुटलेला होता, तो बदलला. तुमच्या बंगल्यामागच्या केळी उन्हाळ्यातही एवढ्या गुबगुबीत का, तेही कळलं. नळी बारा महिने चालू. ती मी बंद केली. केळींनी माना टाकल्या, आणि तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

मधल्या चाळीत सगुणाबाईंनी दारातच अडवलं होतं. मास्तरांची बायको, चाळीतल्या सगळ्या बायका त्यांच्या शब्दात.

"नळ दुरुस्त करा, पण पिंपाला हात लावू नका हां."

"बाई, पिंपात येतं ते पाणी रोज माझ्या हातानं सुटतं. आता काय करता?"

त्या दारातून बाजूला सरकल्या. म्हणाल्या, "या आत."

एवढं करून वेळू टाकीत घातला. चार बोटं!

पंपावरचा कोंडिबा म्हणाला, "गेनबा, चार बोटं पाणी! तुझ्या आळीनं त्यात आळीपाळीनं तोंडं बघावीत."

मला झोंबलं. नळ गळत नाहीत, टाक्या वाहत नाहीत, मग पाणी जातं कुठं? दुसऱ्या दिवशी चावी फिरवली ती तशीच सोडून टेकाड उतरलो आणि मधल्या चाळीच्या चौकात जाऊन उभा राहिलो. आणि बघतो तर काय, चाळीतली प्रत्येक बाई भरलेला हंडा, भरलेली कळशी, अर्धं पिंप मोरीत ओततेय! गटार ओढ्यासारखं वाहत होतं.

"अहो, हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"कालचं हाय," सगुणाबाई म्हणाल्या. "ताजं आलंय न्हवं? शिळं पाणी कोण ठेवतं घरात?"

मी नऊ वर्षं चावी फिरवत होतो, पण पाणी सुटल्यावर घरात काय होतं हे कधी बघायला आलो नव्हतो. माझाही गाढवपणाच तो. पण बोललो, "बाई, हे तुमचं ताजं पाणी आज टाकीत चढलंय. त्याच्या आधी सहा महिनं धरणात व्हतं. ताजं कुठनं आणलंत?"

मग सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया! म्हंजी मी सहा महिन्यांचं शिळं पाणी देवाला घालत होते व्हय?"

चाळ हसली. पण हसण्यानं मोरीत ओतणं थांबत नाही. संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"शिळं?" ती म्हणाली. "आपल्यात पानी रातीपत्तुर उरतंय का शिळं व्हायला?" मग जरा थांबून, "आन् त्यांचं तरी काय चुकलं रं गेन्या? तुजं पानी कवा येनार त्येचा पत्ता न्हाई. ताजं आलं की भरून घ्यावं लागतं, आन् भांडी तर भरल्यालीच. वतनार न्हाई तर काय करतील?"

खरं होतं. वीज येईल तेव्हा पंप, पंप चालेल तेव्हा पाणी. बायका दिवसभर नळ उघडा टाकून खाली ताट ठेवायच्या. ताट वाजलं की पाणी आलं. बाई घरात नसली तर ती येईतोवर ताट वाजत आणि पाणी वाहत राहायचं.

मी कोंडिबाला धरलं. "दिवसात वीज येईल तेव्हा टाकी भरून ठेव. मी सकाळी सातला चावी खोलीन. रोज सात. एक मिनिट इकडंतिकडं नाही."

"आन् गावाला सात वाजल्यालं कळनार कसं? तू काय कोंबडा हायस?"

टेकाडावर रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला. सातला पाच कमी असताना त्याच्यावर हातोडी. आवाज पार नदीपर्यंत. पहिल्या दिवशी दोघं-तिघं आग लागली म्हणून पळत आले, पण आठवड्यात ताटं नळाखालून उठली. भांड्यांचं सगुणाबाईंनी मिटवलं. कालचं पाणी आधी धुण्याभांड्याला, अंघोळीला. पिंप रिकामं झालं तरच भरायचं. जी मोरीत ओतेल तिच्या दारापुढं उभ्या राहून त्या विचारायच्या, "काय गं, हिरडोशीला माहेर न् पाणी ओततीस? तिकडं घोटासाठी डोंगर उतरतात." माहेरचं नाव काढल्यावर कुणाची बिशाद?

वेळू वर चढू लागला. आठ बोटं. वीतभर. दीड वीत. पंप पाच तास चालायचा तो तीनवर आला, आणि कोंडिबा दुपारी झोपू लागला. एका मंगळवारी वेळू काढला, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लावून बघितला. हातभर! बुधवारी हातभर. गुरुवारी हातभर आणि वर दोन बोटं. कोंडिबानं स्वतः दोनदा मोजलं. "बोटं तुजी मोटी असतील," म्हणाला, आणि आपला हात लावला. तरीही हातभर.

शुक्रवारी मी तुम्हाला विचारलं नाही. नकोस म्हणाला होतात. आमच्या आळीच्या चावीवर गंज एवढा की पाना दोनदा निसटला, बोट फुटलं. मग ती फिरली.

आळीत पोचलो तोवर नळाभोवती सगळी आळी. आधी नळ खोकला. मग तांबडं पाणी, नऊ वर्षांचा गंज. कुणी मागं सरकलं नाही. मग ते पांढरं झालं, काचेसारखं झालं, आणि पोरंबाळं खाली जाऊन बसली. माणसं ओरडत होती, वाहू दे, वाहू दे!

आईनं हंडा भरला, आणि नळ बंद केला.

"अगं फुलाबाय, वाहू दे की जरा, बघू दे डोळं भरून!"

"डोळं भरायला इहीर हाय का ती?" ती म्हणाली. "गेन्याचा येळू उतरंल."

त्या दिवशी ती नदीला गेली नाही. दारात बसून होती, हात मांडीवर, आणि वाटेवरून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होती. दुसऱ्या सकाळी रूळ वाजला तेव्हा हंड्यात कालचं पाणी होतं. मला म्हणाली, "काय रं, शिळं झालं न्हवं? टाकू मोरीत?" आणि स्वतःच हसत सुटली. तिला एवढं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

मी सुखात आहे साहेब. खोटं कशाला सांगू. रोज सातला रूळ वाजवतो तेव्हा आमच्या आळीतलीही भांडी वाजतात, ते वर टेकाडावर ऐकू येतं. तुम्ही वर पाठवलेल्या कागदात माझं नाव नाही, आईचं नाही, सगुणाबाईंचं नाही. नसू दे, कागद पिता येत नाही.

पण एका गोष्टीचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. दुष्काळात, निम्म्या विजेत, आहे त्याच टाकीतून जे पाणी उरलं, ते आधीच्या नऊ वर्षांत कुठं होतं? टाकीत वेळू घालायला नऊ वर्षांत तुम्हाला एक सकाळ मिळाली नाही? माझी आई खिडकीखालून हंडे घेऊन जात होती, तेव्हा तुम्ही काय बघत होतात?

उत्तर द्या. चार माणसांत द्या, हसला होतात तिथंच उभं राहून.