दंडबाबांच्या टोपीतला बिबट्या

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर उभे राहून दंडबाबा कापडात गुंडाळलेला आडवातिडवा दंड हवेत फिरवत होते. कान झाकणाऱ्या लोकरी टोपीखाली घामाच्या धारा लागल्या होत्या.

"बिबट्याच्या मनाशी माझी तार जुळलीय! काल म्हणालो, टेकडीमागे आहे. सापडले ना ठसे?"

"सापडले!" सगळ्यांत वरचा सूर प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंचा. सूनबाईंनी कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाईंचा जीव ओढ्याकाठच्या झाडीत अडकला होता. दोन जंगलांना जोडणारा तेवढाच आडोसा उरलेला. बिबट्याच्या मादीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून वर्षभर बाई तिच्या मागावर होत्या. ती त्याच झाडीतून गुपचूप ये-जा करायची, कुणाच्या केसाला धक्का न लावता. आणि आज बाबांचा हुकूम सुटला होता, झाडं तोडा, पीडा टळेल! बाबांचा लाकूडवाला मेहुणा करवत घेऊन हजरच होता.

"झाडं गेली तर ती आपल्या गल्लीतून जाईल हो!" बाई ओरडल्या.

"अगं, बाबा बोलताना मध्ये बोलू नये," सासूबाईंनी दटावलं.

एवढ्यात दंड बाईंकडे वळला आणि बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "बिबट्या इथेच आहे! अगदी जवळ!"

निम्मा चौक दुकानांत घुसला. दंड मात्र बाईंच्या पिशवीवर रोखलेला. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुदत संपून गळून पडलेला पट्टा त्यांनी सकाळीच झाडीतून उचलला होता आणि गडबडीत बंद करायला विसरल्या होत्या!

"आई, ही पिशवी घेऊन न्हाव्याच्या दुकानापर्यंत जाऊन या बरं."

सासूबाई निघाल्या, मागोमाग दंडही फिरला. त्या परतल्यावर बाईंनी हळूच पट्ट्याला लोहचुंबक लावून तो बंद केला.

"बाबा, आता कुठे आहे बिबट्या?"

"गेला... डोंगरापलीकडे!"

"पापणी लवायच्या आत?" सासूबाईंनी टेबलाशी जाऊन बाबांची टोपीच ओढली. कानात वायर, वायरच्या टोकाला कमरेची पेटी. "अगं, ही तर तुझ्या गाडीतून चोरीला गेलेली!"

कापड सोडलं, तर दंडाचा अँटेना निघाला. बाईंनी पट्टा पुन्हा चालू करून सगळ्यांना समजावलं, "पट्टा टिकटिक पाठवतो. जिकडे आवाज मोठा, तिकडे जनावर. तुम्हीसुद्धा ऐकून बघा."

लोकांनी आळीपाळीनं कान लावले आणि हसू आवरेना.

"मग खरी मादी कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"पट्टा गळाला, आता मलाही ठाऊक नाही. पण झाडी राहिली तर आपल्या दारात येणार नाही."

सासूबाई मेहुण्याकडे वळल्या. "करवत खाली ठेव आधी. आणि मंडळी, यापुढे हात जोडायच्या आधी टोपी उचलून बघत जा. मीही बघेन."