पारावरचा जाक्या

"तो बाप्या न्हवताच मुळी," उत्तरेश्वर मुन्शी म्हणाला. "सुईण होती ती. सुईण."

पारावरची सगळी डोकी ओढ्याच्या वाटेकडे वळली. वाटेने भिवराबाई येत होती. खांद्यावर पिळलेलं लुगडं आणि हातात विळा. धुळाजीच्या सुनेला मोकळं करून, ओढ्यावर डाग धुऊन ती घरी निघाली होती. एरवी कोणीतरी हमखास विचारायचं, काय झालं, पोरगा का पोरगी. आज कोणी विचारलं नाही. भिवराबाईने पदर सावरला, मान वर न करता पार ओलांडला आणि मनात म्हणाली, मेल्यांना सकाळीच अफू चढलेली दिसते.

त्यांना चढलं होतं ते लंडन. मुन्शी पूर्वी जालन्याच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे लिहिण्याच्या कामाला होता. छावणी उठली, साहेब गेला. लोकांनी तिथून खाटा आणल्या, भांडी आणली. मुन्शीने साहेबाच्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बैलगाडीत घातला आणि वडवणीला परत आला. त्या रद्दीत लंडनच्या खुनांची हकीकत होती. तिथल्या एका गरीब वस्तीत कोणीतरी एकामागून एक बायका मारल्या, त्यांची पोटं फाडली, आणि तो कोण हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला जॅक असं नाव दिलं होतं. वडवणीने त्याचा जाक्या केला. या गोष्टीला वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली होती. जाक्या जिवंत असलाच, तर बसल्या जागेवरून उठायला त्याला कोणाचा तरी हात लागत असणार. पण वडवणीच्या पारावर तो अजून तरणाबांड होता.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणतात. वडवणीच्या न्हाव्याला निदान आठवड्याच्या बाजारादिवशी काम असायचं, पारावरच्यांना तेही नव्हतं. वडवणीत बसून त्यांनी लंडनचा तपास हाती घेतला. आधी ठरलं की जाक्या हा डाक्टर होता, कारण चिरफाड त्यालाच जमणार. त्या आठवड्यात देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला, तेव्हा बायकांनी पोरं कडब्याच्या गंजीमागे लपवली. मग ठरलं की कसाई असणार. लगेच गावातल्या मुलाण्याला चार जणांनी विचारून झालं, की तुझा चुलता मुंबईला गेलता तो आगबोटीत बसला होता का. बिचाऱ्याचं मटण दोन बाजार कोणी घेतलं नाही. मग खलाशी झाला. समुद्र कोणीच पाहिला नव्हता, त्यामुळे त्यावर सगळ्यांनाच बोलता आलं. शेवटी मुन्शीने आवाज खाली आणून सांगितलं, की राणीच्या घरातलाच कोणी असणार, म्हणून तर प्रकरण दाबलं. हे ऐकून धुळाजीने घाबरून मागेपुढे पाहिलं. "हळू बोल बे," तो म्हणाला. "अमीनसाबाच्या कानावर गेलं तर हैद्राबादला न्हेतेल आपल्याला." लंडनच्या राणीसाठी निजामाचे पोलीस वडवणीला धाव घेतील, एवढा या लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज होता.

भिवराबाईने या सगळ्यात एकदाच तोंड घातलं होतं. डोक्यावर घागर घेऊन ती पाराखाली थांबली आणि तिने विचारलं, "मुन्शीजी, त्या बायांना न्हाऊ कुणी घातलं?"

"कोणच्या बायांना?"

"मेल्या त्यांना. अशा फाडून टाकलेल्या. कुणीतरी धुतलं असंल की."

मुन्शीने गठ्ठा चाळल्यासारखं केलं. "तसलं काय कागदात देत न्हाईत," तो म्हणाला, आणि सगळे हसले. भिवराबाईला हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही. एवढा मोठा मुलूख, एवढे कागद, आणि त्या बायांना शेवटचं पाणी कोणी घातलं याची कोणाला पडलेली नाही. ती घागर सावरत निघून गेली.

आणि आता सुईण. मुन्शीचं म्हणणं असं, की भल्या पहाटे रक्ताचं लुगडं नेसून गावातून कोण फिरू शकतं? सुईण. तिला कोण हटकत नाही? पोलीस. बायका कोणाला बिनदिक्कत घरात घेतात? सुईणीला. साहेबाच्या कागदात कोणीतरी हे लिहिलंच होतं म्हणे.

"आन् इळा बी असतो की तिच्यापाशी," धुळाजी म्हणाला. त्याच विळ्याने त्याच्या नातवाची नाळ कापून अजून सकाळही उलटली नव्हती. पाचवीला त्याच विळ्याला हळदकुंकू वाहून याच्याच घरात पूजा होणार होती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग कोणीतरी गावातल्या मेलेल्या बायका मोजायला घेतल्या. गेल्या साली तुळजाबाई गेली, तिच्या आधी जानकीबाई. दोघी बाळंतपणात, दोघी भिवरेच्या हाताखाली. त्या साली गावात तापाची साथ होती आणि दोघी अंथरुणातूनच बाळंतपणाला आल्या होत्या, हे कोणाला आठवलं नाही. भिवराबाईच्या हाताखाली जगले-वाचले त्यांची मोजदाद तर कोणी केलीच नाही. ती करायची तर पारावरच्या निम्म्या लोकांना स्वतःपासून सुरुवात करावी लागली असती.

तिथे टोकाला आश्रुबा बसला होता. शेरडं-मेंढरं राखणारा, कमी बोलणारा गडी. तो प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होता. त्याच्या बायकोचे, चतुराबाईचे, दिवस भरत आले होते.

चतुराला माहेर उरलं नव्हतं, त्यामुळे पहिलंच असूनही बाळंतपण सासरी होणार होतं. दर दोन-चार दिवसांनी भिवराबाई जाऊन तिच्या पोटाला तेल लावायची. पोर भित्री होती. मेंढीला वितानासुद्धा बघवत नाही म्हणून तिकडे पाठ करून बसायची. "आत्या, तुमी हाव म्हनून बरं," ती म्हणायची. "तुमी माझ्यापून हलायचं न्हाई बगा." भिवराबाई म्हणायची, "हलतीय कुठं? तुझ्या नवऱ्याला बी ह्याच हातानं काडलाय. तवा बी लई आडमुठा होता, उलटा आलता." सासू चंद्रभागाबाई चुलीपाशी खुसखुसायची.

दुसऱ्या दिवशी भिवराबाई तेलाची वाटी घेऊन गेली, तर आश्रुबा दारातच होता.

"आत्या, आता येत जाऊ नगा."

"कावून रं?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "आमी आमचं बगू," तो म्हणाला. त्याला लाज वाटत होती हे तिला दिसत होतं, आणि भीती त्याहून मोठी होती हेही दिसत होतं. तिला त्याचा राग आला नाही. तिला पाराचा राग आला. गळ्यात साप सोडून देऊन स्वतः सावलीला बसणारी ही माणसं.

चार-सहा दिवसांनी, सकाळची उन्हं अंगणात येता येता, चतुराच्या कळा सुरू झाल्या. भिवराबाईच्या आणि आश्रुबाच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत होती. भिवराबाईने हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकली, कासोटा खोचला, विळा घेतला आणि ती गेली. आश्रुबा दारात आडवा उभा होता. हातात मेंढरामागची काठी होती.

"सर बाजूला."

"न्हाई आत्या."

भिवराबाईने विळा उंबऱ्यावर ठेवला. दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. "घे. मोकळे हाईत. इळा तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे, नाळ तुझ्या आईनं कापावी. मला आत जाऊ दे."

"मुन्शीजी म्हनत हुते..."

"मुन्शीनं किती बाळंतपनं केली रं?"

तो काठी घट्ट धरून उभा राहिला. आतून चतुराने आत्या म्हणून हाक मारली. भिवराबाईने तिथूनच ओरडून सांगितलं, "हाय गं बाई, हितंच हाय." मग ती समोरच्या धोंड्यावर जाऊन बसली.

ऊन चढलं. ती उठली नाही. गल्लीतून जाणारी माणसं तिच्याकडे आणि आश्रुबाच्या काठीकडे बघून पुढे जात होती, आणि त्यांतली बरीच जण पुढे म्हणजे पारावरच जात होती. आतलं ओरडणं आधी मोठं होतं. मोठं होतं तोवर भिवराबाईला धीर होता. दुपार झाली तसं ते खाली आलं, मग कण्हणं झालं. तेव्हा चंद्रभागाबाई बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत माखलेले होते. तिने उंबऱ्यावरचा विळा उचलला आणि लेकापुढे धरला.

"सर. न्हाईतर ह्यो तुलाच घालीन."

आश्रुबा सरला.

पोरगी झाली. निळी पडली होती, पण पाठीवर चापट्या बसल्यावर रडली. तिचं रडणं पारापर्यंत गेलं असेल. चतुराचं रक्त मात्र थांबेना. भिवराबाईला जे जे येत होतं ते तिने केलं, आणि मग नुसतं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सकाळी आत जाता आलं असतं तर चतुरा वाचलीच असती, असं ती पुढे कधी कोणाला म्हणाली नाही. तिला ते माहीत नव्हतं. सकाळी ती आत नव्हती, एवढंच तिला माहीत होतं.

चतुराने डोळे उघडले. "आत्या," ती म्हणाली, "लई येळ लावला."

"व्हय गं बाई," भिवराबाई म्हणाली. "चुकलंच माझं."

मी बाहेर धोंड्यावर बसले होते, असं तिने सांगितलं नाही. मरणाऱ्या पोरीला नवऱ्याची तक्रार काय सांगायची. थोड्या वेळाने चतुरा गेली.

पारावर बातमी पोहोचली तेव्हा मुन्शीने मांडीवर थाप मारली म्हणतात. "मी काय सांगत होतो? ती आत गेली आन् बाई खलास." लंडनच्या पोलिसांना जे जमलं नाही ते वडवणीत बसल्या बसल्या सिद्ध झालं, अशा थाटात सगळ्यांनी माना हलवल्या. खाई त्याला खवखवे, ही म्हण पारावर कोणाला लागू पडली नाही. खवखवायला मुळात काही आत असावं लागतं.

चतुराला न्हाऊ घालायला भिवराबाईशिवाय कोणी पुढे आलं नाही. तिने ऊन पाणी केलं, केस मोकळे करून धुतले, हळद लावली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. कामाला वेळ लागला, कारण ती घाई करत नव्हती. बाहेरून दोनदा निरोप आला, की दिवस मावळायच्या आत उचलायचं आहे. तिने ऐकून घेतलं आणि चतुराच्या पायांच्या बोटांमधलं पाणी पुसत राहिली.

तिरडी निघाली तेव्हा मुन्शी राळ्याची पाटी घेऊन मागे उभा होता. बाळंतीण मेली की तिची हडळ होते आणि ती रात्री घराकडे येते, हे सगळ्या गावाला माहीत असतं. म्हणून तिरडीमागे वाटेवर राळे टाकत जायचे. तो बारीक दाणा एकेक करून वेचल्याशिवाय तिला पाऊल पुढे टाकता येत नाही, आणि वेचता वेचता कोंबडा आरवतो. लंडनची इत्थंभूत माहिती असलेला मुन्शी मोठ्या काळजीने मुठी भरभरून राळे टाकत होता. एखादी फट राहिली तर मागे वळून पुन्हा टाकत होता. एरवी एवढं काम त्याने उभ्या जन्मात केलं नसेल.

ओढ्याकाठच्या मसणातून माणसं परतली. आश्रुबा अंगणात जाऊन गुडघ्यांत डोकं घालून बसला. बाकीचे पारावर टेकले. घरात पोर रडत होती. चंद्रभागाबाई तिला कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजत होती, ते ती ओठांनी बाहेर ढकलत होती.

भिवराबाई घरातून सूप आणि केरसुणी घेऊन आली. आश्रुबाच्या दाराशी वाकली आणि राळे झाडून सुपात भरू लागली.

आश्रुबाने मान वर केली. "आत्या," तो म्हणाला, "ती यील की."

"यिऊ दे," भिवराबाई म्हणाली. "तिचं लेकरू रडतंय."

ती दारापासून गल्लीत गेली, गल्लीतून चावडीच्या बाजूने पुढे. दगडांच्या सांदीत केरसुणी पोहोचत नव्हती तिथे उकिडवी बसून बोटांनी दाणे वेचत होती. उद्या आपल्याबद्दल पारावर काय बोललं जाईल हे तिला ठाऊक होतं. आता तर बोलायला त्यांना लंडनपर्यंत जायची गरज राहिली नव्हती. आश्रुबा अंगणाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. त्याने तिला अडवलं नाही, मदतही केली नाही.

ती पारापाशी आली तसं धुळाजीने तोंड फिरवलं. मुन्शी काठावर पाय सोडून बसला होता, त्याचे जोडे वाटेवर टेकले होते. भिवराबाई त्याच्यासमोर सूप घेऊन वाकली.

"मुन्शीजी," ती म्हणाली, "पाय उचला."

मुन्शीने पाय उचलले. त्याच्या जोड्यांखाली दोन-चार दाणे होते. ते तिने वेचून सुपात टाकले आणि ती ओढ्याच्या वाटेने पुढे झाडत गेली.