भर दुपारी बंद ओर्ख

माझी आई गेल्याची बातमी मला गाल्सन टायरवाल्याने दिली. सरहद्दीपलीकडे कोळसा उतरवून मी रिकामी गाडी घेऊन परत येत होते. मागच्या चाकात हवा कमी वाटली म्हणून सकाळी त्याच्या टपरीपाशी थांबले. हा माणूस एरवी मला बघितलं की आधी शिवी देतो आणि मग चहा. त्या दिवशी त्याने हातातला पाना खाली ठेवला, डोक्यावरची टोपी नीट केली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "त्सेरमा, आई देवाघरी गेल्या. फार वाईट झालं."

मी विचारलं, कोणाची आई?

गाल्सन गडबडला. मला ठाऊक असेल असंच तो धरून चालला होता. मग चाचरत त्याने सांगितलं की, काल दुपारी माझा धाकटा भाऊ रेंचिन भरलेला ट्रक घेऊन सरहद्दीकडे गेला. ट्रकच्या तोंडावर आमच्या आईच्या घराचा ओर्ख बांधला होता. निळ्या काठाचा, कोपऱ्यांवर आईच्या हातची टाक्यांची नक्षी. अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कोणाचा तसा नाही. आणि तो भर दुपारी पुरता बंद होता.

आमची घरं नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, गोल. माथ्यावर धूर जायला आणि उजेड यायला मोठं भोक असतं, त्यावर जो चौकोनी जाड नमदा पांघरतात तो ओर्ख. रात्री दोरी ओढून तो बंद करायचा आणि सकाळी उठल्या उठल्या अर्धा दुमडून उघडायचा. चहासुद्धा त्याच्यानंतर. दिवसाउजेडी एखाद्या घराचा ओर्ख बंद दिसला की काय ते समजायचं आणि आवाज न करता आत जायचं.

आता कोणी म्हणेल, थंडीसाठी बांधला असेल. थंडीत ट्रकच्या तोंडावरच्या जाळीला पांघरूण लागतंच. आम्ही त्याला मुसकं म्हणतो. ते नसलं तर इंजिन तापत नाही, डिझेल थिजतं आणि केबिनमधला हिटर नुसता गार वारा फेकत बसतो. पण मुसक्याला मध्ये खिडकी असते. गाडी भरलेली असली, पुढे चढ असला, वर ऊन असलं तर ती खिडकी उघडायची, नाहीतर इंजिन उकळतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रेंचिन गाढव आहे, पण तेवढा नाही. इंजिन जळालं तर जळू दे पण बंदच ठेवीन, असं माणूस कधी म्हणेल? मी गाल्सनवर विश्वास ठेवला तो त्यामुळे.

आईचा फोन बंद. रेंचिनचा लागेना, तो पलीकडच्या हद्दीत असणार. मी चाकात हवा न भरताच गाडी काढली.

वाटेत समोरून येणारे ड्रायव्हर मला ओळखून हॉर्न न वाजवता गाडी हळू करून जात होते. चहाच्या टपरीवरच्या बाईने वाफाळते बूझ, मांस भरून उकडलेल्या करंज्या, कागदात बांधून माझ्या खिडकीतून आत दिले आणि पैसे घेईना. म्हणजे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. फक्त मला, पोटच्या मुलीला, सांगायची कोणाला गरज वाटली नव्हती. मी रडत होते आणि रडता रडता रेंचिनला शिव्या देत होते. आई गेली आणि हा ट्रक भरून धंद्याला निघाला? मढं तरी नीट ठेवलं का? कोण होतं तिच्याजवळ? बूझ तसेच पडून थिजले.

आईचं घर टेकडीआड आहे. वळण घेतलं तर धुराड्यातून धूर येत होता. दारात दोन जीपगाड्या आणि योंदोनकाकांची मोटरसायकल. मी दार ढकलून वाकून आत शिरले.

आई चुलीपाशी बसून पाहुण्यांना चहा ओतत होती.

"ये," ती म्हणाली. "तुलाही मी मेले म्हणूनच सांगितलं असेल. चहा घे."

मी चुलीपाशी तिच्याजवळ बसले, तिच्या मेंढीच्या कातड्याच्या अंगरख्यात तोंड खुपसलं आणि मोठ्याने रडले. योंदोनकाका, आमचे शेजारी, हसत होते. देवाघरी गेलेल्या बाईच्या हातचा चहा आपण आयुष्यात पहिल्यांदा पितोय म्हणे. बाकीचे पाहुणेही हसले. सगळे भेटायला दूध आणि चहाच्या विटा घेऊन आले होते आणि आता त्यांना त्या परत कशा न्याव्यात हे कळत नव्हतं.

मग मला वर आभाळ दिसलं. माथ्याच्या भोकावर एक फाटकं पोतं आणि प्लास्टिकचा तुकडा, बाजूने वारा आत येत होता. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती आणि ही बाई त्या भोकाखाली गोवऱ्या जाळत बसली होती. बोलता बोलता खोकत होती. खोकला कोरडा, खालून येणारा.

माझं रडणं तिथेच थांबलं. मी विचारलं, ओर्ख काढला कोणी?

आईने सांगितलं ते असं. रेंचिनचं मुसकं सरहद्दीवरच्या ट्रकच्या रांगेत चोरीला गेलं. काल पहाटे तो तिच्याकडे आला, आज गाडी भरायची पाळी आहे, बाजार गाठायला वेळ नाही म्हणाला. मग तिनेच दोऱ्या सोडल्या आणि ओर्ख त्याच्या हातात दिला. एवढंच.

एवढंच. ज्या ओर्खवर चुकून पाय पडला म्हणून लहानपणी मी दिवसभर उपाशी राहिले होते, तो एवढंच म्हणून दिला. मी म्हटलं, त्याला दुसरं काही सापडलं नाही? गोधडी नव्हती? तुझ्या डोक्यावरचं छप्परच हवं होतं? आई म्हणाली, गेल्या हिवाळ्यात रांगेत त्याचं इंजिन बंद पडलं तेव्हा त्याच्या पायाची दोन बोटं कापावी लागली, हे विसरलीस का. मी विसरले नव्हते. दवाखान्यात मीच बसले होते.

मी बाहेर गेले, माझ्या ट्रकच्या तोंडावरचं मुसकं सोडलं आणि शिडी लावून घराच्या माथ्यावर ते बांधलं. खालून आई ओरडत होती, ट्रकचं फडकं माझ्या चुलीवर नको. मी गाठी मारत राहिले. बोटं बधिर झाली होती आणि रागाने मला ते कळतही नव्हतं. पाहुण्यांपैकी कोणी बाहेर आलं नाही. माझं डोकं फिरलं की लोक मध्ये पडत नाहीत, ही एक सोय आहे.

उतरत होते तेवढ्यात रेंचिनचा ट्रक वळणावर दिसला.

मी शिडीवरच थांबले. ट्रक रिकामा होता. काल दुपारी भरलेला गेलेला माणूस आज रिकामा परत? त्या रांगेत मी तीन दिवस काढले होते. तीन दिवस दर तासाला इंजिन चालू करून, पायांना गोणपाट गुंडाळून. त्याच रांगेतून हा एका रात्रीत पार झाला होता.

मग मला कळलं. आमच्याकडे घरात कोणी गेलं असेल त्या माणसाला रांगेत कोणी अडवत नाही. त्याला पुढे काढतात, दोन्हीकडच्या गाड्या बाजूला सरकवतात, काही विचारत नाहीत. म्हणून भर दुपारी, उन्हात, भरल्या गाडीवर बंद. थंडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

तो खाली उतरला. लंगडत आला. ट्रकच्या जाळीवर ओर्ख अजून तसाच होता, तेलाने काळा पडलेला, एका काठाला करपलेला. मी त्याची गचांडी धरली आणि त्याला तसंच घरात नेलं.

"सांग," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर सांग. लोकांनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"काही नाही म्हणालो, ताई."

"काहीच नाही?"

"मान खाली घातली."

योंदोनकाकांचं हसू गेलं. जिवंत माणसाला मेलं म्हणणं आमच्यात चेष्टेतही चालत नाही. म्हटलेलं वर ऐकलं जातं आणि खरं होतं असं मानतात. आणि इथे आई खोकत खोकत चूल पेटवत होती. मी हात उचलला. भावाला मी लहानपणीसुद्धा कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारणार होते, आणि जोरात.

"त्याला काही बोलू नकोस," आई म्हणाली. "बंद बांध असं मीच सांगितलं."

माझा हात तसाच राहिला.

"तो नको म्हणत होता. मी म्हटलं, मान खाली घाल, बोलू नकोस, लोक वाट देतील. आता माझं राहिलंय किती? माझ्या मरणाचा त्याला थोडा आधी उपयोग झाला, इतकंच. त्याचे पाय तरी वाचले."

रेंचिन रडायला लागला. रडू दे. मला त्याच्याकडे बघायचंही नव्हतं. मी आईकडे बघत होते. स्वतःचं मरण तिने दोऱ्या सोडून त्याच्या हातात दिलं होतं आणि वर चहा ओतत बसली होती. त्याच आठवड्यात, त्याच रांगेत आणखी कोण होतं?

"मीही होते तिथे, आई," मी म्हटलं. "याच आठवड्यात. तीन दिवस. दर हिवाळ्याला असते. माझ्यासाठी तू कधी एक दोरीसुद्धा सोडली नाहीस."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. तिला खरंच नवल वाटलं होतं, हे मला दिसलं आणि त्याने मी आणखीच पेटले.

"तू कधी थंडी वाजते म्हणाली नाहीस," ती म्हणाली.

"वाजते," मी ओरडले. आवाज घराबाहेर गेला असेल, जाऊ दे. "वाजते मला. आत्ता वाजतेय. बोटं हलत नाहीयेत माझी, मलाही थंडी वाजते."

आई हाताच्या आधाराने उठली, चुलीजवळची तिची जागा तिने सोडली आणि माझ्या खांद्याला धरून मला तिथे बसवलं. मग समोर बसून तिने माझे दोन्ही हात ओढून स्वतःच्या अंगरख्यात, पोटाशी घेतले. ते इतके गार होते की ती दचकली, पण तिने ते सोडले नाहीत. मी अजून तिच्यावर चिडलेलेच होते. हात मात्र काढून घेतले नाहीत.